नैसर्गिक वाढ शून्य

डॉ. निखत मुजावर जिल्ह्याच्या गाडीतून उतरल्या तेव्हा दीपमाला जगदाळे उपकेंद्राच्या कट्ट्यावर बसून गोळ्यांची पाकिटं लावत होती. रक्तदाबाच्या एका बाजूला, साखरेच्या दुसऱ्या बाजूला, गुडघ्याच्या तिसऱ्या. हिंगणमळ्यात आता एवढंच काम उरलं होतं. आतल्या खोलीतलं बाळंतपणाचं टेबल कित्येक वर्षं वापरात नव्हतं. त्याच्यावर औषधांची खोकी रचलेली असायची.

विट्याच्या पलीकडे डोंगराच्या कुशीत हे गाव. इथल्या पुरुषांचा पिढ्यान् पिढ्यांचा धंदा गलाईचा, म्हणजे जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा. त्यासाठी ते कोइमतूरपासून गुवाहाटीपर्यंत पसरलेले. पूर्वी बायकापोरं गावात असायची आणि पुरुष जत्रेला यायचे. मग बायकापोरंही गेली. आता चांगल्या दुमजली घरांना कुलपं होती आणि राहिलेल्या घरांत माणसं होती ती सगळी पन्नाशीच्या पुढची. शाळेची इमारत ग्रामपंचायतीनं चारा ठेवायला दिली होती.

"ताई, जरा आत बसून बोलू," मुजावर मॅडम म्हणाल्या.

आत बसल्यावर त्यांनी आडपडदा ठेवला नाही. सांगलीला नवं केंद्र सुरू होतंय. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांनाही आता मूल होऊ शकतं. स्वतःचं, रक्ताचं. पाळी गेलेली असो की नसबंदी झालेली असो. जिल्ह्यातून पहिल्या तुकडीसाठी बायका हव्यात, आणि त्या बायकांच्या पुढे चालणारी एक बाई हवी.

"तेव्हा तुम्हीच पहिल्या होतात," मॅडम म्हणाल्या. "आताही व्हाल का?"

तेव्हा म्हणजे सव्वीस-सत्तावीस वर्षांपूर्वी. दीपमाला नुकतीच आशा सेविका झाली होती, कडेला वर्षाची मुलगी होती. तालुक्यात एका मुलीवर थांबायला कुणी तयार नव्हतं. तालुक्याचे डॉक्टर म्हणाले, कुणीतरी करून दाखवल्याशिवाय बायका ऐकणार नाहीत. तिनं करून दाखवलं. चोविसाव्या वर्षी ऑपरेशन झालं. सासू वर्षभर तिच्याशी बोलली नाही. पण पुढे तिनं सांगितलं की बायका शिबिराच्या जीपमध्ये बसायच्या. आशाची ती गटप्रवर्तक झाली, आजूबाजूच्या सगळ्या गावांत तिचा शब्द चालायचा. जिल्हा परिषदेनं तिचा दोनदा सत्कार केला होता.

"विचार करून सांगते," ती म्हणाली. आपल्याला धक्का बसायला हवा होता, हे तिला मॅडमची गाडी गेल्यावर लक्षात आलं. ती परत गोळ्या लावायला बसली.

पुढच्या आठवड्यात सांगलीला सगळ्या गटप्रवर्तकांचं प्रशिक्षण झालं. मुजावर मॅडम शिकवायच्या छान. त्यांनी आधी एक साधी गोष्ट विचारली. बायकांनी दोन मुलांवर थांबायला सुरुवात केल्यावरही देशाची माणसं तीस-चाळीस वर्षं वाढतच का राहिली?



"उसानं भरलेली ट्रॉली उताराला लागली की ब्रेक दाबल्या दाबल्या थांबते का?" मॅडम म्हणाल्या. "तसंच आहे हे. एका बाईमागे दोनाहून किंचित जास्त मुलं झाली की आईबापाची जागा भरून निघते. आपण त्याच्या खाली केव्हाच आलो होतो. पण आधीच्या पिढीत जन्मलेल्या मुली इतक्या होत्या, की त्यांनी एकेक-दोनदोनच मुलं जन्माला घातली तरी जन्म मृत्यूंपेक्षा जास्तच भरायचे. जन्म वजा मृत्यू, याला नैसर्गिक वाढ म्हणतात. सगळ्यांना वाटत होतं, वाढ चालूच आहे. ती जुन्या वेगाची वाढ होती. आता त्या सगळ्या मुली म्हाताऱ्या झाल्या. ट्रॉली थांबली, आणि आता ती मागं यायला लागलीय."

मागून कुणीतरी म्हणालं, "मग बरंच झालं की. गर्दी कमी."

"बरं झालं असतं," मॅडम म्हणाल्या, "आपण आधी सधन झालो असतो तर. काही देश श्रीमंत झाले आणि मग म्हातारे झाले. आपण वाटेतच म्हातारे झालो."

मग त्यांनी तंत्राकडे मोर्चा वळवला. मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या अंडाशयात आयुष्यभराची बीजं असतात. ती संपत जातात आणि पन्नाशीच्या सुमाराला कोठार रिकामं होतं. गर्भपिशवी मात्र तेवढ्या लवकर हार मानत नाही. बाहेरून संप्रेरकं दिली तर ती गर्भ पोसू शकते. अडचण फक्त बीजाची होती. आता गंमत अशी, की आपल्या प्रत्येक पेशीत सगळ्या शरीराचा आराखडा असतो. कातडीची पेशी त्यातलं कातडीपुरतं पान वाचते, बाकीची मिटून ठेवते. अशा पेशीची सगळी पानं पुन्हा उघडून तिला कोरी करायचं तंत्र जुनंच होतं. नवं हे, की त्या कोऱ्या पेशीला बोट धरून बीजापर्यंत नेता येऊ लागलं होतं. दंडावरची मसुराएवढी कातडी पुरत होती. त्यातून बीज, नवऱ्याकडून त्याचा वाटा, काचेत गर्भ, आणि तो बाईच्या पिशवीत.

सरकारी नाव होतं पुनर्बीज. गावांनी त्याला चार दिवसांत आपलं नाव दिलं, कातडीचं बाळ.

संपत जगदाळे, म्हणजे दीपमालाचा नवरा, कोइमतूरहून परत येऊन पाच-सहा वर्षं झाली होती. ॲसिडच्या वाफांनी त्याची छाती खराब केली होती, म्हणून भावाच्या हाती दुकान देऊन तो आला. दीपमालानं त्याला सगळं सांगितलं तेव्हा तो जेवत होता.

"तू म्हणशील तसं," तो म्हणाला.

पण दुसऱ्या दिवसापासून तो रोज दाढी करायला लागला. तंबाखू सोडली. सकाळी उठून माळावर चालायला जायला लागला, दम लागला की थांबायचा आणि परत चालायचा. एकदा तिनं त्याला बंद शाळेच्या खिडकीतून आत डोकावताना पाहिलं.   त्याला हवंय एवढं तिला कळलं, आणि नवऱ्याला हवंय, मॅडमना हवंय, देशाला हवंय, असं ओळीनं तिनं मनात म्हणून पाहिलं. त्या ओळीत पुढे आपलं नाव घ्यायला गेली तर तिथं काहीच नव्हतं. हवं असंही नाही, नको असंही नाही. बसून बसून पाय अवघडून बधिर होतो आणि आपण त्याला चिमटा काढून बघतो, तसं झालं.

तिनं मॅडमना होकार कळवला.

मुलीला मात्र फोनवर सांगताना ती अडखळली. स्वरांजली बंगळूरला होती, प्रथमेशशी लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. पडद्यावर तिचा चेहरा आधी हसला, तिला चेष्टा वाटली. मग तो ताठ झाला.

"आई, तू पन्नाशी ओलांडलीस."

"आता होतं म्हणे साठीपर्यंत."

"होतं गं. पुढं काय? तू सत्तरीत असशील तेव्हा ते कॉलेजात असेल. पप्पांची छाती ही अशी. कोण बघणार त्याला?"

"सरकार पाळणाघर देणार आहे. शिक्षणाची पूर्ण जबाबदारी—"

"आई, पत्रक वाचल्यासारखं बोलू नको ना."  "मला मूल का नकोय, तू कधी विचारलंस? तू, पप्पा, प्रथमेशचे आईबाबा. चौघं आहात तुम्ही. आम्ही दोघं. तोही एकटा, मीही एकटी. मी रोज हिशेब करते आधी कोण आजारी पडेल त्याचा. म्हणून आम्ही ठरवलं नको. आणि आता मी नको म्हटलेलं मूल तू जन्माला घालून माझ्याच ओटीत टाकणार."

"तुझं भावंडच असेल ते."

"अठ्ठावीस वर्षांनी लहान भावंड. छान."

फोन तिनंच ठेवला. दीपमाला बराच वेळ काळ्या पडद्याकडे बघत राहिली. पोरीच्या बोलण्यात खोट काढता येत नव्हती. वाईट वाटलं का, हे तिला सांगता आलं नसतं. कुकरची शिट्टी झाली तशी ती उठली.

नंदा कोळेकर आली ती दोन दिवसांनी. धनगरवस्तीवरची, दीपमालाच्याच वयाची. दोघींचं ऑपरेशन एकाच शिबिरात, एकामागोमाग झालं होतं. नंदाला घेऊन गेली होती दीपमालाच. नंदाला तेव्हा दोन मुलगे होते. धाकटा गोपाळ पुढे गुवाहाटीत तापानं गेला. थोरला महेश कोइमतूरला, बायको आहे, मूलबाळ नाही. इथं नंदा, तिचा नवरा धोंडिबा आणि चाळीसेक मेंढरं.

"वैनी, तुम्ही नाव दिलंय म्हणं सांगलीला," ती दारातूनच म्हणाली.

"दिलंय."

"मग माझं बी घाला."

"नंदा, बस तर आधी. कशाला घालू तुझं?"

नंदा बसली नाही. "मला पायजे," ती म्हणाली. "गोपाळ गेला तवापासनं मला पायजे. कुणी इचारलं न्हाई आन् इचारून उपेग बी नव्हता. आता हाय न्हवं उपेग? मग घाला."

दीपमाला तिच्याकडे बघत राहिली. इतकी सरळ मागणी तिनं नोकरीच्या उभ्या आयुष्यात ऐकली नव्हती. बायका म्हणायच्या, सासू म्हणते, मालक म्हणतात, तुम्ही सांगाल तसं. नंदाच्या तोंडावर जे होतं त्याचा तिला हेवा वाटला. निदान तो हेवा असावा.

दोघी एकाच दिवशी सांगलीला गेल्या. दंडाला बधिर करायची सुई, मग टाचणी टोचल्यासारखं काहीतरी, आणि पट्टी. नंदा हसून म्हणाली, "एवढंच व्हय? मेंढराला बिल्ला मारताना यापरीस जास्त दुखतंय."

तपासण्यांत नंदाचा रक्तदाब वर निघाला. मुजावर मॅडमनी दोघींना समोर बसवून स्पष्ट सांगितलं. या वयात गरोदरपणात रक्तदाब चढायची भीती असते. कधी झटके येतात, कधी मूत्रपिंडं निकामी होतात. गोळ्यांनी बहुतेक वेळा आटोक्यात राहतं. "बहुतेक वेळा म्हणतेय मी, नेहमी नाही. नंदाताई, तुम्ही नाही म्हणालात तरी कुणी काही म्हणणार नाही."

बाहेर व्हरांड्यात नंदानं दीपमालाचा दंड धरला, पट्टी नसलेला. "वैनी, तुमी काय म्हणता? मला डाक्तरीन बाईचं नगं. तुमचं सांगा."

दीपमालाच्या मनात त्या वेळी दोन गोष्टी होत्या. एक, नंदाचे पाय तिला गेल्या उन्हाळ्यापासूनच सुजलेले दिसत होते. दुसरी, नंदा कधी नव्हे ती उभी राहून मागत होती. यातली कुठलीतरी एक तिनं बोलायला हवी होती.

"मॅडम म्हणतात गोळ्यांनी आटोक्यात राहतं," ती म्हणाली.

"मग झालं," नंदा म्हणाली.

दीपमालाचा पहिला गर्भ रुजला नाही. पहिल्या खेपेला बऱ्याच जणींचा रुजत नाही, मॅडमनी समजावलं, दुसरा गोठवून ठेवलाय, आठ-नऊ महिन्यांनी बघू. संपत बातमी ऐकून परड्यात गेला आणि संध्याकाळपर्यंत शेवग्याच्या फांद्या तोडत राहिला. दीपमालानं भाकरी थापल्या. तिला हलकंही वाटलं नाही आणि जडही वाटलं नाही.

नंदाचा रुजला.

ती बातमी गावात पसरली तशी हिंगणमळ्यात जणू वीज आली. रोज कुणी ना कुणी म्हातारी वस्तीकडे निघायची, पदराखाली लोणच्याची वाटी घेऊन. ज्यांना जिना चढवत नव्हता त्या माळ चढून जाऊ लागल्या. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. हिरवी साडी नेसलेली नंदा चौरंगावर बसली आणि भोवती साठी-सत्तरीच्या बायकांनी ओव्या धरल्या. मधले शब्द कुणालाच आठवेनात, तेव्हा सगळ्या हसत सुटल्या. नंदानं तीन पुरणपोळ्या खाल्ल्या आणि चौथी मागितली. धोंडिबा लांब बाभळीखाली मेंढरांत उभा होता. कुणी हाक मारली की मान खाली घालायचा, पण तिथून हलत नव्हता.

"वैनी, पोरगी झाली तर बरं," नंदा दीपमालाच्या कानाशी म्हणाली. "पोरगं लगीच कोइमतूरला पळंल."

दीपमाला दर दोन दिवसांनी तिचा रक्तदाब बघायची. तो गोळ्यांनी खाली यायचा आणि हट्टी पोरासारखा परत वर जायचा. आठवा लागला तसं मॅडमनी नंदाला सांगलीला भरती करून घेतलं. आणि भरती केल्यानंतर, डॉक्टर-नर्सेसच्या डोळ्यांदेखत, भर दुपारी तिला झटके सुरू झाले. ताबडतोब पोट उघडून बाळ काढलं. मुलगी होती, ओंजळीत मावेल एवढी, पण रडली. नंदाच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. ती शुद्धीवर आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

कुणाची काही चूक झाली असती तर बरं झालं असतं, असं दीपमालाला वाटलं. कुणाची झाली नव्हती.

महेश विमानानं आला. अंत्यसंस्कार झाले. काही दिवसांनी बाळाला घरी न्यायची परवानगी मिळाली तेव्हा काचेच्या पेटीसमोर धोंडिबा, महेश, महेशची बायको कविता आणि दीपमाला असे चौघं उभे होते. धोंडिबाच्या हातात घोंगडीची घडी होती. ती त्यानं का आणली होती ते त्यालाही माहीत नसावं.

"मी मेंढरामागं असतोय," तो म्हणाला. "माझ्याच्यानं हे व्हायचं न्हाई."

महेश दीपमालाकडे वळला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसता गोंधळ होता. "मावशी, ही माझी बहीण. घरी नेली की लोक मुलगी म्हणणार. हिला मी काय सांगू मोठी झाल्यावर? तू माझी कोण म्हणून सांगू?"

 कविता इतका वेळ भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभी होती. तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. नर्सनं बाळ पुढे केलं तेव्हा घेणारं दुसरं कुणी नव्हतं म्हणून तिनं घेतलं. कसं धरायचं ते तिला माहीत नव्हतं. दीपमालानं तिचं कोपर थोडं वर सरकवून दिलं.

ते बाळ हिंगणमळ्यात आलंच नाही. सांगलीहूनच कोइमतूरला गेलं.

महिनाअखेरीला दीपमालानं नेहमीप्रमाणे गावाची माहिती टॅबवर भरली. जन्म एक, मृत्यू एक. खालचा रकाना यंत्र स्वतःच भरायचं. नैसर्गिक वाढ शून्य, असं तिथं उमटलं. गेल्या कित्येक महिन्यांत तिथं उणे चिन्ह असायचं. तासाभरात जिल्ह्याच्या कार्यालयातून कुण्या तरुण अधिकाऱ्याचा फोन आला. तो खुशीत होता.

"अभिनंदन मॅडम! तुमचं गाव पहिल्यांदाच उण्यातून बाहेर आलं."

"ते बाळ इथं नाही साहेब. कोइमतूरला गेलं."

"नोंद तर आईच्या गावची आहे ना? मग झालं तर."

तिनं "बरं" म्हटलं. 

मुजावर मॅडमचा फोन मात्र वेगळा होता. त्यांनी आधी दीपमालाच्या तब्येतीची चौकशी केली. मग म्हणाल्या, "ताई, तुमच्या दुसऱ्या गर्भाची तारीख आलीय. पुढं ढकलू का? की… तुम्ही सांगा."

"नको, येते," दीपमाला म्हणाली. ठरलेल्या गोष्टीला न जाणं तिला कधी जमलं नव्हतं.

संपत सोबत आला. त्यानं इस्त्रीचा सदरा घातला होता आणि पिशवीत डबा, पाण्याची बाटली आणि कोरा टॉवेल घेतला होता. त्याला बाहेरच्या बाकावर बसवून ती आत गेली.

टेबलावर पडल्यावर वरचा दिवा लागला. मुजावर मॅडम हातमोजे चढवून आल्या आणि नेहमीचा प्रश्न त्यांनी विचारला, कायद्यानं विचारावाच लागतो तो. तुम्ही स्वखुशीनं करताय ना?

या प्रश्नाला "हो" म्हणायचं असतं. चोविसाव्या वर्षी तिनं म्हटलं होतं. पहिल्या खेपेलाही म्हटलं होतं. शेकडो बायकांना, डॉक्टर विचारतील तेव्हा हो म्हणायचं, असं तिनंच जीपमध्ये शिकवलं होतं. तिनं तोंड उघडलं.

"नको," ती म्हणाली.

मॅडम थांबल्या. नर्सही थांबली.

"भीती वाटतेय का ताई? नंदाताईंचं झालं म्हणून?"

दीपमालानं खरोखर शोधून पाहिलं. "नाही," ती म्हणाली. "भीती नाही वाटत. मला मूल नकोय. तेवढंच."

मॅडमनी हातमोजे काढले. त्यांनी तिला हात देऊन उठवलं, आणि का कोण जाणे, तो हात बराच वेळ सोडला नाही.

बाहेर तिला बघून संपत उठून उभा राहिला. "झालं एवढ्यात?"

"मी नको म्हटलं."

तो खाली बसला. पिशवी मांडीवर घेतली, तिचे बंद नीट केले. "मला पायजे होतं गं," तो म्हणाला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यानं स्वतःसाठी मागितलेली तिला ही पहिलीच गोष्ट आठवत होती.

"माहितीय मला."

"मग आधी का न्हाई बोललीस? वर्ष गेलं. मी काय काय…" त्याला खोकला आला.

"मलाच आत्ता कळलं," ती म्हणाली.

घरी येताना एसटीत ते एकाच बाकावर बसले, पण दोघांच्या मध्ये पिशवी होती. पंधरवड्यानं संपत भावाकडे कोइमतूरला गेला. थोडे दिवस राहून येतो, म्हणाला. छातीला तिकडची हवा चालत नाही हे दोघांनाही माहीत होतं. तिनं त्याला गोळ्या बांधून दिल्या आणि एसटीपर्यंत सोडायला गेली. स्वरांजलीला तिनं फोन करून एका वाक्यात सांगितलं.  मग स्वरांजली रडायला लागली, आणि दीपमाला फोन कानाला लावून ते ऐकत राहिली.

यानंतर एका सकाळी उपकेंद्राच्या पायरीवर छाया मदने येऊन बसली होती. पलीकडच्या वाडीची, पन्नाशीला टेकलेली. तिचा एकुलता मुलगा आणि सून पुण्याला, त्यांना मूल नको होतं.

"ताई, ते पुनर्बीजचं नाव घालायचं होतं," ती म्हणाली. "मालक म्हणतात ताईंना विचार. तुम्ही सांगाल तसं करते."

दीपमालानं टॅब काढला. मग बाजूला ठेवला.

"आधी बस," ती म्हणाली. "नंदाचं काय झालं ते सांगते. सगळं सांगते. मग बघ."

आणि तिनं सांगायला सुरुवात केली. रक्तदाबाचं सांगितलं, सुजलेल्या पायांचं सांगितलं. व्हरांड्यात नंदानं तिला विचारलं ते सांगितलं आणि आपण काय उत्तर दिलं तेही सांगितलं. आवाज नेहमीसारखाच होता, सभेत माहिती देतात तसा. झटके कसे आले, पोट कसं उघडलं, पोरगी केवढी होती, सगळं ओळीनं. मग ती मागे गेली, डोहाळजेवणाचं सांगायचं राहिलं होतं म्हणून. "तीन पोळ्या खाल्ल्या तिनं," दीपमाला म्हणाली, "आणि चौथी—"

तिथं आवाज गेला. तिला वाटलं घसा बसला. तिनं खाकरून पुन्हा सुरुवात केली, "चौथी…" आणि पुन्हा तसंच. छातीतून काहीतरी वर येत होतं, आणि ते काय आहे हे ओळखायला तिला वेळ लागला. छायानं पुढे होऊन तिच्या पाठीवर हात ठेवला. वर्षभरात न आलेलं सगळं मग आलं, उपकेंद्राच्या उघड्या दारात, दिवसाउजेडी, आणि तिनं तोंडावर पदरही घेतला नाही.

बऱ्याच वेळानं ती थांबली. छायानं माठातलं पाणी आणून दिलं. ते पिऊन होईपर्यंत ती समोरच्या माळाकडे बघत उभी होती.

"ऐकलंस सगळं?" दीपमालानं विचारलं.

"ऐकलं."

"मालकांचं राहू दे. माझंही राहू दे. तुला काय वाटतं?"

छायानं डोळे पुसले. तिला उत्तर द्यायला वेळ लागला, पण ते देताना ती अडखळली नाही.

"मला पायजे, ताई. मरायची भीती वाटते. तरी पायजे."

दीपमाला तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं रक्तदाबाचं यंत्र ओढून जवळ घेतलं.

"दंड दे," ती म्हणाली. "पायही दाखव. आणि सांगलीला जाशील तेव्हा मी सोबत येईन. डॉक्टरांनी विचारलं की मला जे वाटेल ते मी तुझ्यादेखत बोलेन. चालेल?"

छायानं बाही वर केली.